बिल्ला नंबर पाचशे एकोणतीस

"नंबर सांगा! कोणीतरी एक नंबर सांगा!"

"पाचशे एकोणतीस!"

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या, तेव्हा कुठे डोमाजी खंडारेच्या ध्यानात आलं, की हे आपणच ओरडलो. तो खडबडून जागा झाला. शेवटच्या रांगेतल्या बाकावर भिंतीला टेकून त्याचा डोळा लागला होता आणि झोपेतच त्याच्या तोंडून आकडा निघून गेला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. अकोल्याच्या गिरणीत रात्रपाळी करून, सकाळच्या पॅसेंजरनं बडनेरा, तिथून गाडी बदलून अमरावती, असा तो थेट या कॉलेजात येऊन बसला होता. गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर नेमक्या याच सुरात "नंबर?" म्हणून विचारतो, आणि पोरगी जन्मली त्याच्याही आधीपासून डोमाजी याच सुरात उत्तर देत आला होता. सदऱ्याला अडकवलेल्या पितळी बिल्ल्यावर तो आकडा कोरलेला होता. डोमाजी झोपला तरी त्याची जीभ त्या नंबरावर जागीच असायची.

पोरं खो खो हसली. डोमाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाकावर होता त्याहून लहान होऊन बसला.

"वा, वा! पाचशे एकोणतीस!" समोरचे पिंपळखुटे सर मात्र खूश झाले होते. "छान आकडा आहे. मिस खंडारे, लिहून घ्या."

आणि सभागृहाच्या मधोमध, सतरंजीवर पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या शालूनं तो आकडा लिहून घेतला. लिहिण्याआधी तिनं एकदा मागे पाहिलं. बाप-लेकीची नजर भेटली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण तिनं ते आत ओढून घेतलं. लहानपणी हाच बिल्ला ती चिंचेनं घासून लखलखीत करून द्यायची. आकडे तिला शाळेत कोणी शिकवायच्या आधी त्या पितळेनं शिकवले होते. पाच, दोन, नऊ.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा तो दिवस होता. जानेवारीचं ऊन वरच्या झरोक्यांतून तिरपं खाली आलं होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. डोमाजीला क्षणभर वाटलं आपण अजून सूतखात्यातच आहोत, कारण तिथेही दिव्याच्या उजेडात कापसाची तुसं अशीच तरंगतात. फक्त इथे यंत्रांचा घरघराट नव्हता. यंत्र म्हणून जे होतं, ते सतरंजीवर मांडी घालून बसलेलं होतं. पंधरा-वीस पोरं आणि दोन पोरी. प्रत्येकाच्या हातात पाटी.

ही सगळी करणी पिंपळखुटे सरांची. सर गणित शिकवायचे आणि मागच्या उन्हाळ्यात कानपूरला जाऊन आले होते. तिथल्या एका मोठ्या संस्थेत अमेरिकेहून आलेलं गणकयंत्र होतं आणि उन्हाळ्याच्या सुटीत ते शिकवण्याचा वर्ग भरायचा. सर महिनाभर राहिले आणि परत आले ते वेगळेच होऊन. फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे, खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत राहायचे. पोरांना म्हणायचे, "तुम्ही जन्माला आलात तो काळ फार चांगला आहे रे." यंत्र तर अमरावतीत येणं शक्य नव्हतं. मग सरांनी पोरांचंच यंत्र केलं. कोणी बेरीज करणारा, कोणी भागणारा, कोणी निम्मं करणारा, आणि आकडे इकडून तिकडे नेणारा एक हमाल. ओमप्रकाश नावाचा हुशार मुलगा हातातल्या पुठ्ठ्यांवरचे हुकूम एकेक करून मोठ्यानं वाचणार. शालूकडे साठवण. साठवणीतही सगळ्यांत महत्त्वाची जागा: मूळ आकडा.

"यंत्राला अक्कल नसते," सर लोकांना समजावून सांगत होते. "सांगितलं तेवढंच करायचं. ज्याच्याकडे आकडा आहे त्यानं हुकूम येईपर्यंत तो सांभाळायचा. जागेवरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, पाटी खाली ठेवायची नाही. मग भूकंप होवो."

डोमाजीला हे लगेच पटलं. सूत कातायचा साचा चालू असताना जागा सोडायची नाही, हे गिरणीत पहिल्याच दिवशी शिकवतात. तो तुटलेले धागे जोडण्याचं काम करायचा. समोर धाग्यांच्या रांगा फिरत असतात, त्यातला एक तुटतो, तो चिमटीत पकडून जोडायचा. खात्याचा मुकादम, जॉबर, दिसला की मात्र हात धाग्यावर ठेवूनच थोडं वाकून उभं राहायचं. देवांपुढे वाकणं त्यानं नागपूरला दीक्षा घेतली त्या दसऱ्याला सोडून दिलं होतं. घरातले टाक, तसबिरी, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं मोर्णा नदीत नेऊन सोडलं, आणि त्यानंतर एकदाही त्याला त्याची चुटपुट लागली नाही. साहेब लोक दिसले की उठून उभं राहणं तेवढं त्याच्या पायांतून गेलं नव्हतं. पाय काही विचारून उठत नसत.

आज तो इतक्या लांब आला होता त्याला कारण होतं. मागच्या महिन्यात शालू अकोल्याला घरी आली होती, ती जेवायला बसल्या बसल्या सांगायला लागली.

"सर म्हणते का यंदा कालेजातून एका पोराले कानपूरले पाठवतात. सुटीत. जायचं-यायचं भाडं कालेज देते."

"पोराले," चतुराबाई म्हणाली. शालूची आई नेमका शब्द पकडायची.

"पोरीलेबी चालते. सरांनं माह्यंच नाव सांगतलं. पण आपल्या कालेजच्या संस्थेच्या सभापतीनं हो म्हणाव लागते. ते संमेलनाले येनार हायेत. आमचं यंत्र पायतील, मंग ठरवतील."

"कसं असते व ते यंत्र?" डोमाजीनं विचारलं.

शालूनं हातातला घास तसाच धरला. सरांनी सांगितलेलं ती इतक्या वेळा मनात घोळवून बसली होती की तिनं ते पाहिलंच आहे असं वाटावं. "एक खोली हाये बाबा. उन्हायातबी थंडगार. बाहेर लू चालते अन् आतमंधी लोक स्वेटर घालून बसतात. कपाटायवर बारीक बारीक दिवे लुकलुकतात. टाइपरायटर हाये, पन त्याले कोनी बोट लावत नाई. आपल्या मनानंच लिहिते. धूळ तं अजिबात चालत नाई तिथी. चपला बाहेर काढा लागतात."

"विहारावानी," डोमाजी म्हणाला.

"व्हय. तसंच."

"अन् त्याच्यात घालतात काय? कापूस?"

"आकडे घालतात."

"मंग निंघते काय?"

"आकडेच निंघतात."

डोमाजीनं बराच विचार केला. "आकडे घालाचे अन् आकडेच काढाचे. मंग गिरनी चालते कशी थे?"

शालू इतकी हसली की तिला ठसका लागला. डोमाजीही हसला. पण त्या रात्री साच्यासमोर उभं असताना, तोंडात तुसं जात असताना, खोकला दाबत असताना, त्याला ती खोली दिसायला लागली. थंडगार, धूळ नसलेली. दिवे लुकलुकतायत. आणि त्यात आपली पोरगी स्वेटर घालून बसलीय, तिच्या केसांवर कापसाचं एक तूसही नाही. तेव्हापासून ती खोली रोज रात्री त्याच्या पाळीला येत होती. धागे जोडता जोडता तो तिथे जाऊन यायचा. कानपूर नकाशात कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्या खोलीचं दार कोणत्या अंगाला आहे हे तो सांगू शकला असता.

चतुराबाईनं तर जुन्या शहरातल्या बाजारातून पत्र्याची पेटीच आणून ठेवली होती. हिरव्या रंगाची, झाकणावर कमळ. "नाव निंघलं की मंग धावाधाव नोको," असं तिचं म्हणणं. पोरगी कानपूरला काय खाईल या काळजीनं तिनं जवसाची चटणी किती दिवस टिकते याची शेजारणींकडे चौकशीही करून ठेवली होती.

"पहिला अंदाज शंभर!" पिंपळखुटे सर म्हणाले आणि यंत्र सुरू झालं.

डोमाजी डोळे चोळून पाहू लागला. सरांनी मघाशी सांगितलेलं त्याच्या थोडं डोक्यात शिरलं होतं. असा आकडा शोधायचा, की ज्याला त्यानंच गुणलं तर पाचशे एकोणतीस येतील. तो काही एकदम सापडत नाही. आधी कसाही अंदाज करायचा. मूळ आकड्याला त्या अंदाजानं भागायचं, उरलेलं सोडून द्यायचं, आलेलं उत्तर अंदाजात मिळवायचं आणि निम्मं करायचं. तो नवा अंदाज. पुन्हा तसंच. असं करत करत अंदाज खरा होत जातो आणि हलेनासा झाला की थांबायचं.

"मूळ आकडा आणा!" ओमप्रकाशनं पुठ्ठा वाचला.

हमाल झालेला पोरगा धावत शालूकडे आला. तिनं पाटी दाखवली. त्यानं आकडा पाहिला, भागणाऱ्याकडे नेला. भागणाऱ्यानं पाटीवर खडू ओढला. उत्तर पुढे गेलं, बेरीज झाली, निम्मं झालं, अंदाज धरून बसलेल्या पोरानं आपली पाटी पुसली आणि नवा आकडा लिहिला. बावन्न. पुन्हा हमाल शालूकडे. पुन्हा सगळं फिरलं. एकतीस.

खडूचा करकर आवाज आणि ओमप्रकाशचा एकसुरी आवाज, एवढंच ऐकू येत होतं. हळूहळू लोकांचं हसणं थांबलं. पोरं आता पोरं वाटत नव्हती. डोमाजीला पुन्हा पेंग येऊ लागली होती आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना दिसत होतं, की एक मोठा साचा फिरतोय, त्यातून धाग्यांऐवजी आकडे जातायत, आणि साच्याच्या मधोमध त्याची पोरगी बसलीय, त्याचाच बिल्ला मांडीवर घेऊन. आपला नंबर इतक्या लोकांनी असा जपून हाताळलेला त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. फाटकावर तर टाइमकीपर तो ऐकायचा आणि मान वर न करता खूण करायचा. डोमाजीला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. दाराशी उभे असलेले प्राचार्य घाईनं आत वळले आणि म्हणाले, "साहेब आले!"

संस्थेचे सभापती उत्तमराव साहेब तासभर उशिरा येत होते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. डोमाजी तर सगळ्यांच्या आधी उठला. आणि त्याच्या पाठोपाठ ते यंत्रही उठलं. बेरीज उठली, भागाकार उठला, अंदाज धरून बसलेला पोरगा पाटी बगलेत मारून हात जोडून उभा राहिला आणि एकतीस त्याच्या सदऱ्याला पुसून गेले. हमालाच्या हातून पाटी पडून फुटली. ओमप्रकाशचे पुठ्ठे सतरंजीवर विखुरले. साहेब येताना बसून राहायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी भूकंपाचं सांगून ठेवलं होतं, साहेबांचं सांगायचं राहून गेलं होतं.

फक्त शालू बसलेली होती.

उभ्या माणसांच्या मधे ती एकटी खाली बसलेली होती. पाटी दोन्ही हातांनी धरलेली, नजर पाटीवर. उत्तमराव साहेब मधल्या वाटेनं येताना थबकले. त्यांनी खाली पाहिलं. बाजूच्या एका गृहस्थाला त्यांनी हळूच काहीतरी विचारलं, त्यानं तेवढ्याच हळू काहीतरी सांगितलं. आडनाव सांगितलं असावं. साहेबांच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या.

"आता काही बोलायची सोय नाही," पुढच्या रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला. "आता हे लोक नाही उठत."

डोमाजीच्या कानाची पाळी तापली. त्यानं हातानं खूण केली. ऊठ. शालूनं मान वर केली, बापाला पाहिलं. त्यानं पुन्हा खूण केली, या खेपेला दोन्ही हातांनी. ऊठ नं माय! तिला ते दिसलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं नजर पुन्हा पाटीकडे नेली आणि ती बसून राहिली.

साहेब खुर्चीवर बसले, मग सगळे बसले. यंत्र पुन्हा सतरंजीवर बसलं आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलं. कोणाच्याही पाटीवर धड आकडा उरला नव्हता.

"साहेब," पिंपळखुटे सर घाम पुसत म्हणाले, "आपल्या स्वागताला यंत्र उभं राहिलं आणि सगळं विसरलं." लोक हसले. सरांनाही त्यामुळे थोडा धीर आला. "पण मूळ आकडा तेवढा शिल्लक आहे. तो असला की झालं. अंदाज कुठूनही सुरू करता येतो. साहेब, आपणच सांगा. वाटेल तो."

"हजार," उत्तमराव साहेब म्हणाले. त्यांना लहान आकड्यांची सवय नसावी.

आणि यंत्र पुन्हा चालू लागलं. हजाराचे पाचशे झाले. पाचशेचे अडीचशे. दर खेपेला हमाल शालूकडे धावायचा, ती पाटी दाखवायची आणि साहेबांचा हजार थोडा खाली उतरायचा. एकशे सव्वीस. पासष्ट. छत्तीस. पंचवीस. डोमाजीचं आता आकड्यांकडे लक्ष नव्हतं. शेवटी "तेवीस!" असा आवाज झाला, पुन्हा एकदा भागून पाहिलं तर पुन्हा तेवीसच आले, आणि ओमप्रकाशनं शेवटचा पुठ्ठा वाचला, "थांबा."

टाळ्या झाल्या. एका बाकावर कोणीतरी तेविसाला तेविसानं गुणून पाहिलं आणि "बरोबर आहे हो!" म्हणून ओरडला. पुन्हा टाळ्या झाल्या. शालूनं तेव्हा पाटी खाली ठेवली आणि ती उठून उभी राहिली. पण आता सगळे बसलेले होते आणि तिच्या उठण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नंतर व्हरांड्यात पाहुण्यांसाठी चहा-चिवडा होता. डोमाजी खांबाआड उभा राहून मनाशी जुळवाजुळव करत होता. आयुष्यात त्यानं काही बिघडू लागलं की एकच उपाय केला होता आणि बहुतेक वेळा तो चालून गेला होता. साहेब चहाची बशी ठेवून वळले तसा तो पुढे झाला. टोपी हातात घेतली.

"साहेब, पोरीची चूक झाली जी."

"कोण तुम्ही?"

"बाप हाये जी तिचा. थे खाली बसून रायली नं, थे. लेकरू हाये. समजलं नाई तिले. माफी असाव."

उत्तमराव साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची नजर बिल्ल्यावर आली आणि तिथे जरा थांबली. पण त्यावरचा आकडा आणि मघाचा आकडा एकच आहे हे काही त्यांना दिसलं नाही. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. माणूस मनानं वाईट नव्हता. "शिकवताय ते चांगलं आहे. पण शिक्षण वेगळं आणि वळण वेगळं. वळणही लावा थोडं."

"व्हय जी. लावतो जी."

तो मागे वळला तर शालू उभी होती. हातात पाण्याचा पेला होता, त्याच्यासाठी आणलेला. तिनं तो त्याला दिला. तो पाणी प्यायला.

स्टेशनापर्यंत ती त्याला पोहोचवायला आली. ती अमरावतीत आत्याकडे, पार्बताबाईकडे राहायची, तिचं घर वाटेतच लागायचं, पण ती तिथे थांबली नाही. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लावून बाया बसल्या होत्या आणि सगळ्या रस्त्याला सालीचा वास येत होता.

"उभी काहून नाई रायली व?" डोमाजीनं शेवटी विचारलं.

"आकडा व्हता माह्याकडं."

"उभं रायल्यानं आकडा काय पयून जाते?"

"सगळ्यायचे पयाले नं."

"म्या खूण केली व्हती तुले."

"पाह्यली म्या."

"मंग?"

शालू थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती संत्र्यांकडे पाहत होती. "तुमचा व्हता बाबा तो आकडा. दुसऱ्या कोनाचा असता तं उठलीबी असती कदाचित. सर म्हणाले सांभाळ, म्या सांभाळला. त्याच्यात चूक काय झाली? अन् तुमी जाऊन माफी मागतली."

"तुह्यासाठी मागतली."

"मले मालूम हाये तुमी माह्यासाठीच मागतली." एवढं बोलून ती पुन्हा चालू लागली.

गाडीत डोमाजीला जागा मिळाली, पण झोप आली नाही. बडनेऱ्याच्या पुढे काळ्या शेतांवर अंधार उतरत होता. पोरीनं भरल्या सभेत जे हातचं सोडलं नाही, ते आपण एका चहाच्या बशीपाशी सोडून आलो, असं त्याला वाटत राहिलं. ते फार दुखलं. त्यानं सदऱ्यावरचा बिल्ला काढून खिशात ठेवला. फाटकावर पोहोचल्यावर मात्र तो लावावाच लागला.

कानपूरला ओमप्रकाशचं नाव गेलं. पिंपळखुटे सर प्राचार्यांशी बोलले म्हणे. नीट बोलले की बोलल्यासारखं केलं, कोण जाणे. पण त्यानंतर काही दिवस वर्गात ते शालूच्या बाजूला पाहत नव्हते. ओमप्रकाश पोरगा सरळ होता. तोही हुशारच होता, फक्त तो उठला होता. जायच्या आधी तो शालूकडे येऊन म्हणाला, "तिकडून आल्यावर सगळं सांगतो तुला. एकूण एक." आणि आल्यावर त्यानं खरोखरच सांगितलं.

ते शालूनं जूनमध्ये घरी बापाला सांगितलं. अंगणात बाजेवर तो पडला होता, ती खाली बसून त्याचा बिल्ला चिंचेनं घासत होती. बऱ्याच वर्षांनी घासत होती.

"ओमप्रकाश म्हणे, खोली तशीच हाये. दिवेबी लुकलुकतात. अन् आकडे कुठी ठेवतात माईत हाये? बारीक बारीक कड्या हायेत लोखंडाच्या, मोहरीएवढ्या. तारेत ओवलेल्या. त्याईच्यात आकडा रायते."

"अन् लाइट गेली तं?"

"म्या त्याले हेच इचारलं!" शालू एकदम वळली. "थो म्हणे, एकदा लाइट गेली व्हती. सगळे दिवे बंद. मशीन मुकं. पन लाइट आली, अन् पाह्यलं तं कड्यायमंधला आकडा जसाच्या तसा."

"हाललाच नाई?"

"नाई हालला."

डोमाजी आभाळाकडे पाहत पडून राहिला. ती खोली पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढे आली होती. थंडगार, बिनधुळीची. आत कोणी नव्हतं. दिवे विझलेले होते, आणि अंधारात कुठेतरी मोहरीएवढ्या कडीत एक आकडा गुपचूप बसून होता.

"पोट्टी बी. एस्सी. झाली, अन् बसली पितळ घाशीत," चतुराबाई दारातून म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पाऊस लागायच्या आत शालूला हिवरखेडच्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची नोकरी मिळाली. हिरवी पेटी शेवटी भरली गेली. जवसाची चटणी तीत होतीच. डोमाजी तिला मोटारस्टँडवर बसवून द्यायला गेला. पेटी टपावर चढली. शालू खिडकीशी बसली आणि म्हणाली, "पोरायचं यंत्र करीन मी तिथी. सरांसारखं. पाट्या तं असतीनच."

"कर," डोमाजी म्हणाला. "पन त्याईले आधीच सांगजो. साहेब आला तरी उठाचं नाई म्हना."

ती हसली. या खेपेला तिनं हसू आत ओढून घेतलं नाही. गाडी हलली.

तो तसाच गिरणीवर गेला. त्या आठवड्यात त्याची दिवसपाळी होती, सकाळची दोन तासांची रजा मागून तो स्टँडवर गेला होता. दुपारच्या सुटीत सूतखात्याची माणसं नेहमीप्रमाणे आवारातल्या लिंबाखाली डबे सोडून बसली. डोमाजीला भूक नव्हती. त्यानं सदऱ्यावरचा बिल्ला काढला आणि तळहातावर घेतला. चिंचेनं घासलेलं पितळ उन्हात असं झळकत होतं की आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागत होते.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब कोणा पाहुण्यांना गिरणी दाखवत आवारातून निघाले. माणसं उठली. कोणी घास तोंडातच धरून उठला, कोणी भाकरी पाठीमागे लपवून उठला. डोमाजीचेही पाय सवयीनं उचलले गेले, गुडघे अर्धे सरळ झाले. त्यानं हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा खाली बसला.

साहेब बोलत बोलत पुढे निघून गेले. त्यांनी पाहिलं असेल किंवा नसेलही. शेजारचा सहदेव, त्याच्याच साच्यावर काम करणारा, घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काहून उठला नाई गा, डोमाजी?"

"हाती काम व्हतं."

सहदेवनं त्याच्या हाताकडे पाहिलं. हातात काहीच काम नव्हतं, नुसता बिल्ला होता. भोंगा झाला. डोमाजीनं बिल्ला सदऱ्याला नीट लावला आणि तो आपल्या साच्याकडे गेला.